क्रेनचा रिमोट सात नंबर खांबालाच का मरत होता

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतलं काम आहे हे, नाव सांगत नाही, गरज पण नाही. दहा टनी डबल गर्डर ईओटी क्रेन, म्हणजे शेडच्या वरच्या रुळांवरून चालणारी, बे म्हणजे शेडचा तो पट्टा साधारण साठ मीटर लांब, एका टोकाला इंडक्शन फर्नेस, दुसऱ्या टोकाला मोल्डिंग लाइन आणि क्रेनला ४३३ मेगाहर्ट्झचा रेडिओ रिमोट. तक्रार एका ओळीची. "रिमोटचं कम्युनिकेशन तुटतंय, क्रेन मधेच थांबते."

बाहेरच्याला वाटेल थांबली तर थांबली, परत स्टार्ट दाबायचं. पण हे लोक एसजी आयर्न ओततात, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की साधारण दहा-बारा मिनिटांत लॅडल (वितळलेल्या मेटलचं भांडं) मोकळं व्हायला लागतं, उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर उतरत जातो, फाउंड्रीवाले त्याला फेडिंग म्हणतात, मग ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, कास्टिंग रिजेक्ट, आणि उरलेलं मेटल पिगमध्ये, म्हणजे नुसत्या लाद्यांच्या साच्यात, ओतायचं. त्यात चौदाशे डिग्रीच्या आसपासचं मेटल भरलेलं लॅडल झटक्यानं थांबलं की हेलकावे खातंय आणि खाली माणसं उभी. त्यामुळं तिथं सगळेच वैतागलेले होते आणि वैतागलेल्या माणसांकडे थिअऱ्या भरपूर असतात.

मेंटेनन्सवाल्यांचं म्हणणं फर्नेसच्या हार्मोनिक्समुळं, म्हणजे ती विजेच्या लाइनमध्ये सोडते त्या गडबडीमुळं, होतंय. प्रॉडक्शनचं म्हणणं रिमोटच स्वस्तातला घेतलाय. रिमोट पुरवणाऱ्याचा माणूस "शेजारच्या शेडमध्ये नवीन क्रेन आलीय, तिच्याशी फ्रिक्वेन्सी क्लॅश होतीय" असं सांगून चॅनेल बदलून गेला होता, थोडे दिवस बरं वाटलं मग परत तेच. आणि क्रेन चालवणारे आण्णा, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं, ते मला चहा पिता पिता म्हणाले, "साहेब, ह्यो सात नंबर खांबाजवळ आला की मरतोय बघा. रोज नाय, पण मेला की बहुतेक तिथंच." मी ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढं सगळा लॉगर, म्हणजे रीडिंग सतत नोंदवणारा डबा, त्या एका वाक्याभोवती बांधला म्हटलं तरी चालेल.

अजून एक गंमत तिथं चालू होती. रिमोट मेला की आण्णा पहिल्यांदा सेल बदलायचे. सेल बदलले, स्टार्ट दाबलं, की चालू! मग सगळ्यांची खात्री की सेलच खराब होते. स्टोअरमधनं पेन्सिल सेलची खोकीच्या खोकी जात होती. काढलेले सेल मी मीटर लावून बघितले तर बरेचसे दीड व्होल्टच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नवेच. सेल बदलायला जो अर्धा-पाऊण मिनिट जायचा तेवढ्यात वर क्रेनवरचा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचं ऐकणारा डबा, आपोआप पूर्ववत होत होता, आणि श्रेय सेलला. अशी समजूत एकदा पक्की झाली की तोंडी बोलून ती निघत नाही, आकडेच दाखवायला लागतात.

मेंटेनन्सच्या साहेबांनी आणखी एक उपाय सुचवला होता, रिसीव्हरमधला टाइमआउट वाढवा. त्या रिसीव्हरला अर्धा सेकंद सेटिंग होतं, म्हणजे अर्धा सेकंद एकही बरोबर पॅकेट, म्हणजे रिमोटचा संदेश, आलं नाही की स्टॉप रिले पडतो आणि क्रेनला वीज देणारा मेन कॉन्टॅक्टर जातो. ते दोन सेकंदापर्यंत वाढवता येत होतं. मी म्हटलं साहेब, लाँग ट्रॅव्हल, म्हणजे क्रेनचं बेच्या लांबीतलं पळणं, चाळीस मीटर पर मिनिट आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ६७ सेंटीमीटर, दोन सेकंदात क्रेन सव्वा मीटरच्या वर पळणार, कुणाचाही हात बटणावर नसताना, आणि वर ब्रेक लागून थांबायचं अंतर वेगळंच. सिग्नल गेल्यावर थांबणं हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे, वायरलेस कंट्रोलसाठी आयईसी ६२७४५ म्हणून स्टँडर्डच आहे त्यात हीच अपेक्षा आहे. टाइमआउटला हात लावायचा नाही, आधी कळू दे काय होतंय. साहेब थोडे नाराज झाले पण ऐकलं.

मुळात "कम्युनिकेशन लॉस" हा शब्द फसवा. रिसीव्हरला वेळेत बरोबर पॅकेट मिळालं नाही एवढंच तो सांगतो. का मिळालं नाही याची माझ्या हिशोबानं तीन कारणं असू शकतात. सिग्नलच अशक्त पोचला, किंवा सिग्नल दणदणीत होता पण वाटेत कुणीतरी कचरा मिसळला, किंवा तिसरं जे कुणी धरतच नाही, ऐकणाराच त्या क्षणी जागेवर नव्हता, म्हणजे रिसीव्हरच रीसेट झाला. खाली उभं राहून बघणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात, लाइट गेला, क्रेन थांबली. उपाय मात्र तिन्हीचे एकमेकांशी काही संबंध नसलेले.

म्हणून लॉगमध्ये काय काय कॉलम पाहिजेत हे आधी कागदावर काढलं. नशिबानं या रिसीव्हरला आरएस-४८५ चा डायग्नोस्टिक पोर्ट होता, मॉडबसवर (यंत्रांची आपसात बोलायची एक ठरलेली पद्धत) आरएसएसआय म्हणजे सिग्नल किती ताकदीनं आला तो आकडा, चांगल्या पॅकेटचा काउंटर, सीआरसी एररचा म्हणजे फाटून आलेल्या पॅकेटचा काउंटर, रिमोटच्या सेलचा व्होल्टेज आणि सगळ्यात कामाचा म्हणजे रिसीव्हर चालू होऊन किती सेकंद झाले तो अपटाइम काउंटर मिळत होता. सगळ्या रिसीव्हरना हे नसतं, स्वस्तातल्यांना तर फक्त दोन एलईडी असतात. हा अपटाइम असेल तर अर्धी लढाई जिंकली, कारण रेडिओ तुटला तर तो पुढं मोजत राहतो आणि सप्लाय गेला तर परत शून्यापासून सुरू होतो. इतकं साधं आहे ते.

त्याशिवाय मला पाहिजे होतं, स्टॉप रिले कधी पडला, होइस्ट म्हणजे वरखाली, क्रॉस ट्रॅव्हल म्हणजे आडवं, आणि लाँग ट्रॅव्हल यातली कुठली कमांड त्यावेळी चालू होती, होइस्टचा ब्रेक कधी सुटला कधी लागला, रिसीव्हरला जाणारा ११० व्होल्ट कंट्रोल सप्लाय, आणि क्रेन बेमध्ये कुठं होती.

प्लँटमध्ये एक पेपरलेस रेकॉर्डर पडून होता, तो लावा म्हणाले. तो सेकंदाला एकदा रीडिंग घेतो. इथं सगळा खेळ एक दशांश सेकंदाचा, दोन रीडिंगच्या मधल्या फटीतनं अख्खा फॉल्ट निघून जाईल आणि ग्राफ सरळ रेषा दाखवत बसेल. म्हणून ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, पोर्टशी बोलायला मॅक्स४८५ मॉड्यूल, एसडी कार्ड आणि डीएस३२३१ घड्याळ असा लॉगर स्वतः जोडला. काही विशेष नाही, हजार-दीड हजारात होतं, पण दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे मॉडबसचा वेग. पोर्ट ९६०० बॉडचा होता. दहा रजिस्टर वाचायची तर विचारणा आठ बाइट, उत्तर पंचवीस बाइट, एका बाइटला दहा बिट धरले तर नुसत्या वायरवर चौतीस-पस्तीस मिलिसेकंद जातात, वर मधला शांततेचा वेळ आणि रिसीव्हरचा विचार करायचा वेळ. म्हणजे पन्नास मिलिसेकंदाला एक ओळ, यापेक्षा जास्त हाव धरायची नाही. बाकीचे रिले, कमांड, ब्रेक हे थेट डिजिटल इनपुटवर घेतले, ते एक मिलिसेकंदाला तपासायचे आणि बदल झाला तरच वेळेसकट लिहायचा.

११० व्होल्ट एसीसाठी एच११एए१ ऑप्टोकपलर, म्हणजे वीज थेट न जोडता उजेडानं सिग्नल पुढं देणारा भाग, वापरला, दोन्ही हाफ सायकलला चालतो तो, मागं पुरेशा वॅटचे रेझिस्टर लावून. पन्नास हर्ट्झला दर दहा मिलिसेकंदाला एक पल्स यायलाच पाहिजे. पल्स चुकला की सप्लाय गेला, किती चुकले त्यावरून किती वेळ गेला. व्होल्टेज किती होता हे कळत नाही यात, पण मला आहे का नाही एवढंच पाहिजे होतं.

एसडी कार्ड बेभरवशाचं असतं, लिहिता लिहिता मधेच शंभर-दोनशे मिलिसेकंद अडकून बसतं. त्यामुळं रीडिंग आधी मेमरीतल्या बफरमध्ये आणि तिथनं सावकाश कार्डवर, नाहीतर नेमक्या फॉल्टच्या वेळी लॉगमध्येच भगदाड.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉगरचा सप्लाय क्रेनच्या पॅनलमधनं घ्यायचा नाही. संशय सप्लायवर पण आहे ना, मग पेशंटबरोबर डॉक्टर पण बेशुद्ध पडला तर नाडी कोण बघणार. पॉवर बँक लावली. तिथं पण मेख आहे, बोर्डचं वायफाय बंद केलं की तो इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलंच नाही समजून स्वतः बंद होतात, म्हणून एक रेझिस्टर उगाचच लोड म्हणून लावला. वायफाय बंद ठेवायचं कारण तांत्रिक कमी आणि राजकीय जास्त, २.४ गिगाहर्ट्झचा ४३३ शी काय संबंध, पण उद्या कुणी म्हणायला नको की यांच्याच डब्यामुळं होतंय.

क्रेन कुठं होती हे कळायला जागा मोजणारा एन्कोडर नव्हता. लाँग ट्रॅव्हलच्या फिरत्या चाकाला, म्हणजे ज्याला मोटर नाही त्या आयडलर चाकाला, एक प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला, चाकावरचे चार बोल्ट समोरून गेले की पल्स. चाक ३१५ मिलीमीटर व्यासाचं, एक फेरा म्हणजे जवळपास एक मीटर, म्हणजे एका पल्सला पंचवीस सेंटीमीटर. चाक थोडं घसरतं, चूक साठत जाते, म्हणून फर्नेसकडच्या लिमिट स्विचला लागलं की मोजणी परत शून्य. अचूक नाही पण खांब नंबर सांगायला भरपूर.

हे सगळं जोडताना एक पथ्य पाळलं, स्टॉप सर्किटमध्ये माझी एकही वायर मालिकेत नाही. रिलेचा मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट घेतला, नसेल तिथं ऑप्टोकपलर समांतर. लॉगर जळाला, तुटला, पाण्यात पडला तरी क्रेनच्या थांबण्यावर काही फरक पडता कामा नये. आणि वर चढायचं ते क्रेन एका टोकाला लावून, मेन आयसोलेटरला कुलूप लावून, किल्ली स्वतःच्या खिशात. "दोन मिनिटाचं काम आहे, चढा तसंच" म्हणणारे सगळीकडे असतात, तिथं पण होते.

घड्याळाचं काय, तर लॉगरचं एक, ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या, फॉल्ट हिस्टरीचं दुसरं, खाली लॅपटॉपचं तिसरं. कुणाचंच कुणाशी जुळत नाही. डीएस३२३१ चांगलं घड्याळ आहे, साध्या तापमानाला दोन पीपीएम म्हणजे दिवसाला पाव सेकंदाच्या आतच चुकतं, पण ड्राइव्हचं घड्याळ चक्क वीस-बावीस मिनिटं पुढं होतं. उपाय सोपा, प्रत्येक शिफ्टच्या सुरवातीला क्रेन मोकळी असताना आण्णांनी इमर्जन्सी स्टॉप थोड्या थोड्या अंतरानं तीनदा दाबायचा. ती खूण लॉगमध्ये, लॅपटॉपवर सगळीकडे उमटते, मग फायली एकमेकींवर सरकवून जुळवायच्या. आण्णांना हे फार आवडलं, "हजेरी लावतो" म्हणायचे.

खाली मी लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल लावून ठेवला होता. डिजिटल टीव्हीसाठी बनलेला स्वस्त डोंगल, पण रेडिओचा पट्टा बघायला जबरदस्त. हा रिमोट ४३३.०५ ते ४३४.७९ या पट्ट्यात चालतो, म्हणजे रुंदी पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आत, आणि डोंगल एका वेळी दोन मेगाहर्ट्झच्या वर बघू शकतो, त्यामुळं सगळा पट्टा सतत रेकॉर्ड करता येतो.

त्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्याच दिवशी एक चोर सापडला असं सगळ्यांना वाटलं. ठरावीक वेळानं एक छोटा ठिपका, आमच्या चॅनेलपासून थोडा बाजूला. मेंटेनन्सचे साहेब खूश, "बघा, शेजारच्यांचंच आहे." rtl_433 नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं तर तो कुणाचा तरी टेंपरेचर सेन्सर निघाला, घरी गॅलरीत लावतात तसला. ट्रक आत आला की टायर प्रेशरचे ठिपके पण दिसायचे. ४३३ म्हणजे असली सगळी जत्रा असते. पण लॉगमधल्या फॉल्टच्या वेळा आणि त्या ठिपक्यांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या तर काही म्हणजे काही मेळ नाही. शेजारच्या क्रेनचा रिमोट पण दिसला, तो आमच्यापासून बऱ्याच लांबच्या चॅनेलवर निवांत चालू होता. म्हणजे बिचाऱ्या शेजाऱ्यांवरचा आळ गेला. चॅनेल बदलून काही का झालं नाही याचं उत्तर पण त्यातच.

आता खरा माल. थोडे दिवस लॉग साठू दिला. एका शिफ्टच्या पावणेसहा लाखाच्या आसपास ओळी होतात, एक्सेलमध्ये मावतात, दोन शिफ्ट एकत्र केल्या की मावत नाहीत कारण एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची, मग पायथनमध्ये उघडायचं. मी काही फार हुशार विश्लेषण केलं नाही. स्टॉप रिले पडला ती प्रत्येक वेळ शोधायची, त्याच्या आधीचे दहा सेकंद आणि नंतरचे दहा सेकंद कापून घ्यायचे, आणि सगळे तुकडे एकाखाली एक लावून नुसते डोळ्यांनी बघायचे. जे आण्णांनी स्वतः बटण दाबून थांबवलं होतं ते आधीच बाजूला काढले.

उरलेले तुकडे बघता बघता आपोआप ढीग पडायला लागले.

सगळ्यात मोठा ढीग असा होता. आरएसएसआय उणे साठ-बासष्ट डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल ताकदवान), एकदम झकास, सीआरसी एरर शून्य, सगळं गुळगुळीत चाललंय, आणि अचानक मॉडबसवर उत्तरच नाही. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग उत्तर येतं आणि अपटाइम शून्य, एक, दोन. रिसीव्हर रीसेट झालेला! ११० व्होल्टचा कॉलम बघितला तर त्याच्या बरोबर आधी दहा-पंधरा पल्स गायब, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंदाच्या आसपास सप्लायच नव्हता. आणि जागेचा कॉलम बघितला तर जवळपास सगळे सात आणि आठ नंबर खांबाच्या मधले, एक-दीड मीटरच्या पट्ट्यात. आण्णा शंभर टक्के बरोबर.

रेडिओचा यात काही दोषच नाही. क्रेनला सप्लाय डीएसएल बसबारमधनं येतो, म्हणजे बेच्या लांबीभर गेलेल्या विजेच्या पट्ट्यांमधनं, वरच्या बंद बसबारमध्ये कलेक्टर शू घासत जातात, आर वाय बी या तीन फेज आणि अर्थ. सात-आठच्या मध्ये बसबारचा जॉइंट होता. शटडाउन घेऊन उघडला तर बी फेजच्या जॉइंटला कडा वर आलेली, आजूबाजूला काळं पडलेलं, फाउंड्रीची बारीक वाळू आणि धूळ चिकटलेली, आणि त्या फेजच्या कलेक्टरची स्प्रिंग ढिली. क्रेन वेगात त्यावरून गेली की शू क्षणभर उचलायचा. हळू गेली तर काही नाही, म्हणून "रोज नाय".

मग आजवर कुणाला सप्लायचा संशय का आला नाही? कारण ड्राइव्ह कधीच ट्रिप झाले नाहीत. ड्राइव्हच्या डीसी बसला मोठे कपॅसिटर असतात, शिवाय उरलेल्या दोन फेज होत्याच, सव्वाशे मिलिसेकंदाची फेज गेलेली तो पचवून टाकतो, फॉल्ट हिस्टरीत काही नोंद नाही. पण कंट्रोल ट्रान्सफॉर्मर जोडलेला होता आर आणि बी वर. बी उचलला की ११० व्होल्ट गेला, रिसीव्हर गेला. तो परत उठेपर्यंत दोन-तीन सेकंद, आणि उठला तरी खालून स्टार्ट दाबल्याशिवाय तो लिंक घेत नाही. तेवढ्यात आण्णांच्या हातात नवीन सेल. सगळी साखळी जुळली, आणि सेलची थिअरी त्या दिवशी संपली.

उपाय, जॉइंट नवीन केला, बसबार आतून साफ केला आणि प्रत्येक फेजला दुसरा कलेक्टर लावला, एक उचलला तरी दुसरा घासत असतो. खरं तर गरम मेटलच्या क्रेनला डबल कलेक्टर पहिल्यापासूनच पाहिजे, पण कोटेशनमध्ये पहिल्यांदा कापलं जातं ते हेच.

हा ढीग पूर्ण बंद झाला. पण दुसरा ढीग उरला, छोटा होता पण वेगळा. त्यात अपटाइम मोजत राहतो म्हणजे रीसेट नाही. ११० व्होल्ट जागेवर. आरएसएसआय उणे अठ्ठावन्न, म्हणजे उलट जास्तच चांगला, आणि तरी सीआरसी एरर भराभर वाढतायत, चांगली पॅकेट यायची थांबतात, अर्धा सेकंद होतो आणि रिले पडतो. जागा कुठलीही. एकच गोष्ट समान, त्यावेळी होइस्ट चालू, आणि बऱ्याचदा ब्रेक नुकताच सुटलेला किंवा लागलेला.

इथं आरएसएसआय चांगला म्हणून सिग्नल चांगला असं बरेच जण समजतात, रिमोटच्या सप्लायरचा माणूस पण तसंच म्हणाला. तो आकडा त्या चॅनेलवर एकूण किती ऊर्जा आली ते सांगतो, त्यात आपलं पॅकेट किती आणि कचरा किती हे त्याला कळत नाही. आकडा मोठा आणि पॅकेट फाटलेली, म्हणजे गोंगाट. एसडीआरचं रेकॉर्डिंग त्याच वेळेचं काढलं तर होइस्ट चालू असताना सगळा पट्टाच खालून वर उचललेला दिसत होता, एखादा ठिपका नाही, आख्खी चादर. आणि ब्रेकच्या क्षणाला एक उभी रेघ.

वर जाऊन बघितलं तर अँटेना पॅनलच्या बाजूलाच बसवलेला, आणि त्याच्याखालून होइस्ट मोटरची केबल एक वीतभर अंतरावरून गेलेली. केबल शील्डेड होती पण शील्ड पॅनलशी नुसतं एका बारीक वायरीनं पिळून जोडलेलं, मोटरच्या टोकाला तर मोकळंच. ब्रेकच्या एसी कॉइलवर गोंगाट दाबणारा सप्रेसर नाही. फर्नेसवर आळ घेत होते सगळे, पण फर्नेस बंद असताना, रिकाम्या क्रेननं नुसतं होइस्ट वरखाली केलं तरी लॉगमध्ये एरर येत होत्या, आणि उलट फर्नेस फुल पॉवरवर असताना होइस्ट बंद तर एरर नाही. ही तुलना करायला वेगळी टेस्ट पण करावी लागली नाही, लॉगमध्ये दोन्ही वेळा आपोआप येऊन पडल्या होत्या.

अँटेना तिथनं काढून कोॲक्स केबलनं गर्डरच्या खालच्या बाजूला नेला, मोटर केबलला दोन्ही टोकांना ईएमसी ग्लँड लावून शील्ड सगळ्या बाजूनं पकडलं, ब्रेक कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी सप्रेसर. यातलं नक्की कशानं किती फरक पडला ते वेगळं सांगता येईल असं एकेक करून, मधे लॉग घेत केलं. ब्रेकची उभी रेघ सप्रेसरनं गेली, चादर बऱ्यापैकी ग्लँडनं खाली बसली, पण पॅकेट फाटणं खऱ्या अर्थानं थांबलं ते अँटेना हलवल्यावर. फुकटात होणारं काम सगळ्यात उपयोगी, आणि ते कुणी केलं नव्हतं कारण रिमोट बसवणाऱ्याला पॅनलवर चढणं सोपं पडतं.

तिसरा ढीग, ज्याची सगळ्यांना पहिल्यापासून खात्री होती, सिग्नल अशक्त. तो होता, अगदी मोजका. आण्णा सँड प्लँटच्या हॉपरच्या मागं उभे राहिले आणि पाठ क्रेनकडं असली की आरएसएसआय उणे पंच्याण्णव-शंभरपर्यंत खाली जायचा. कागदावरचा हिशोब बघा, दहा मिलिवॅटचा रिमोट, मोकळ्या जागेत पन्नास मीटरवर साधारण उणे पन्नास डीबीएमच्या आसपास यायला पाहिजे. मग मधे लोखंडी हॉपर, पोटावर रिमोट आणि मागं क्रेन म्हणजे मधे अख्खा माणूस, आणि शेडमधल्या लोखंडावर आपटून आलेल्या लाटा एकमेकींना मारतात ते वेगळंच. ४३३ ची लाट साधारण ६९ सेंटीमीटरची, त्यामुळं एक पाऊल बाजूला सरकलं तरी आकडा पंधरा-वीसनं वर येतो. आण्णांना लॅपटॉपवर तो आकडा लाइव्ह दाखवला, ते जागेवर सरकत सरकत बघत होते आणि हसत होते. "म्हंजे पाठ फिरवली की ऐकत नाय. बायकोगत हाय की ह्ये."

अँटेना खाली आल्यावर तो कोपरा पण सुधारला, पॅकेट जात नाहीत आता, आकडा मात्र तिथं अजून कमीच असतो. रिपीटर घ्यायचा का असं साहेबांनी विचारलं, मी नको म्हटलं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातला नवीन सेट घेऊया का असं पण निघालं, तो पट्टा आपल्याकडं २००५ पासून लायसन्सशिवाय वापरायला मोकळा आहे आणि ४३३ इतकी जत्रा तिथं नसते हे खरं, पण बसबारचा जॉइंट तसाच असता तर तो सेट पण सात नंबरलाच मेला असता आणि पैसे गेले असते ते वेगळे.

लॉगर मी काढून आणणार होतो, त्यांनी ठेवून घेतला. आता तो फक्त घटना लिहितो, रिले पडला की आधीचे-नंतरचे दहा सेकंद, बाकी फेकून देतो, आणि पॉवर बँकेच्या जागी बॅटरीसकट छोटा यूपीएस आहे. मेंटेनन्सचा एक तरुण पोरगा महिन्यातनं एकदा कार्ड काढून बघतो. मधे त्याचा फोन आला होता, ११० व्होल्टचे दोन-तीन पल्स गेलेले दिसतायत, क्रेन थांबली नाही पण दिसतायत, आणि या वेळी तीन नंबर खांबाला. तिथं पण बसबारचा जॉइंट आहे. पुढच्या शटडाउनला उघडतायत.